पायरीपाशी थांबलेला प्रेक्षक



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला पहिल्यांदा रंगमंचावर उभं केलं. तालमीच्या वेळी सर समोर बसत नसत. ते थेट शेवटच्या रांगेत जात आणि तिथून म्हणत, "मला ऐकू येत नाहीये." आम्ही आवाज चढवायचो. सर पुन्हा तेच म्हणायचे. सरांचे कान चांगले होते. शेवटच्या खुर्चीवर बसलेल्या माणसानंही तेवढेच पैसे मोजलेत, तेवढ्याच आशेनं तो आलाय, हे त्यांना आमच्या अंगात मुरवायचं होतं. सरांची ती शेवटची खुर्ची मी आयुष्यभर विसरले नाही. पण आज मला त्या खुर्चीच्याही मागे जायचं आहे. जो माणूस शेवटच्या खुर्चीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही, बाहेर पायरीपाशीच थांबला, त्याच्याविषयी मला बोलायचं आहे.

सुरुवात घरापासून करते. आमचे अण्णा यंत्रमागावर कामाला होते. धोट्याचा खटखटाट तुम्हाला सांगायला नको. या शहराच्या निम्म्या गल्ल्या त्या आवाजावर झोपल्या आणि त्याच आवाजानं जाग्या झाल्या. पाळीमागून पाळी तो आवाज कानावर घेतला की कान हळूहळू जातात. एका दिवसात जात नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अण्णांना नाटकाचं भारी वेड. कान गेल्यावरही ते आमच्याबरोबर नाटकाला यायचे. मी शेजारी बसायचे. सगळं सभागृह हसायचं, आणि क्षणभरानं अण्णा हसायचे. किती तरी वर्षांनी मला कळलं, की अण्णा नाटकाकडे पाहून हसत नव्हते, लोकांकडे पाहून हसत होते. मग एकदा तिकिटं काढायची वेळ आली, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही जाऊन या, मी घर राखतो." त्यानंतर अण्णांनी कायम घरच राखलं.

या शहरात अशी घर राखणारी माणसं किती असतील? मागावर कान गमावलेले, मधुमेहानं नजर मंदावलेले, गुडघ्यांनी जिने चढायचं सोडून दिलेले? स्वमग्न मुलाला घेऊन नाटकाला जायचं तर लोक मागं वळून वळून पाहतील, म्हणून घरी थांबलेल्या आया किती असतील? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्या वेळचा कायदा अपंगत्वाचे सात प्रकार मानत होता. २०१६ च्या कायद्यानं ते एकवीस केले. म्हणजे मोजली गेली त्याहून आपली माणसं जास्त आहेत. अपंग म्हणा, दिव्यांग म्हणा. शब्द बदलला, पण पायरीची उंची एक इंचानंही कमी झाली नाही.

म्हणून आज तुमच्यासमोर एक मागणी ठेवायला आले आहे. सोलापुरात दरवर्षी सात दिवसांचा एक रंगसप्ताह व्हावा, आणि त्यातला प्रत्येक प्रयोग प्रत्येकाला पाहता, ऐकता, अनुभवता यावा. सप्ताह हा शब्द मी विचारपूर्वक निवडला आहे. गावात हरिनामाचा सप्ताह बसतो तेव्हा एकटा माणूस तो करत नाही. कुणी मंडप घालतं, कुणी धान्य देतं, कुणी पहारा करतं, आणि शेवटच्या दिवशी काला होतो. काल्यात कुणाच्या घरचं दही, कुणाच्या लाह्या, हे वेगळं ओळखता येत नाही. मला हवा आहे तो असा सप्ताह.

पहिली गोष्ट पायरीची.

आपल्या जिल्ह्याला पायरीचा अर्थ शिकवावा लागत नाही. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी मागून घेतलेली. तिच्या समोरच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याचे चोखोबा, आत जायची मुभा नसलेले. एक पायरी भक्तीनं मागितलेली, दुसरी समाजानं लादलेली. ती लादलेली पायरी मोडायला साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं, आणि विठ्ठलाचं मंदिर सर्वांना खुलं झालं. जातीचा अन्याय आणि अपंगांच्या वाट्याला येणारा अडथळा, दोन्ही एकच आहेत असं मी म्हणणार नाही. पहिल्यात द्वेष होता, दुसऱ्यात बहुतेकदा विसर असतो. पण बाहेर थांबलेल्या माणसाला दोन्हीकडे एकच दिसतं: आत दिवे लागलेत, आणि आपण बाहेर आहोत.

काय लागतं ही पायरी मोडायला? एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबीचा उतार. व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद दार. वळायला जागा असलेलं स्वच्छतागृह. आणि सभागृहात व्हीलचेअरची जागा कडेच्या अंधारात नको; सगळ्या रांगांच्या मध्ये, बायको-मुलांच्या शेजारी हवी. पाठीमागच्या सामानाच्या दारानं आत आणलेला माणूस प्रेक्षक होत नाही, सामान होतो. जो सगळ्यांचा दरवाजा, तोच त्याचाही दरवाजा असला पाहिजे.

दुसरी गोष्ट शब्दाची.

अण्णांना काय हवं होतं? रंगमंचाच्या बाजूला एक पडदा, आणि पात्र बोलेल तेव्हा त्यावर उमटणारा तोच संवाद. बस्स. नाटकाची संहिता आधीच लिहिलेली असते. ती संगणकात घालायची आणि तालमींना बसलेल्या एका जाणत्या मुलानं प्रयोगाच्या वेळी एकेक ओळ पुढे सरकवायची. आपल्या रंगभूमीला हे काम नवं आहे का? विंगेत बसून नटांना शब्द पुरवणारा प्रॉम्प्टर आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला. नटाला शब्द पुरवणं जर रंगभूमीला कमीपणाचं वाटलं नाही, तर प्रेक्षकाला शब्द पुरवणं कमीपणाचं कसं?

आणि सोलापूरकरांनो, आपल्या शहराला तर या पडद्याची दुप्पट गरज आहे. इथं एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कन्नड, चौथीत उर्दू बोलली जाते. नातवंडं मराठी शाळेत जातात, आजी घरात तेलुगू बोलते. पडद्यावर मराठी ओळीखाली तेलुगू ओळ आली, तर ती आजी नातवाबरोबर मराठी नाटक पाहील. कर्णबधिरांसाठी केलेली सोय अशी सगळ्या गल्लीच्या उपयोगी पडते. उतार व्हीलचेअरसाठी बांधतो, आणि त्यावरून बाळाची गाडीही जाते, म्हातारीची काठीही जाते.

पण एक गोष्ट इथं नीट समजून घेऊ या. जन्मापासून ज्याला ऐकू येत नाही, त्याची पहिली भाषा हातांची असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ती हातांनी बोललेली मराठी नव्हे. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण संस्था काढली, आणि या भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश तयार झाला. धावती मराठी अक्षरं वाचणं अशा माणसाला परभाषा वाचण्यासारखं असू शकतं. त्याच्यासाठी दुभाषी हवा, त्याच्यावर स्वतंत्र प्रकाश हवा, आणि त्या दुभाष्याला संहिता आठवडे आधी मिळायला हवी. प्रयोगाच्या संध्याकाळी बोलावून घेतलेला दुभाषी शब्द सांगेल. त्यातला विनोद, त्यातली वेदना तो तालमीतच शिकेल.

तिसरी गोष्ट वर्णनाची आणि स्पर्शाची.

१९८१ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट आणि कोडी फॅनस्टिल यांनी दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी प्रयोगाचं वर्णन सुरू केलं. मार्गारेट स्वतः दृष्टिहीन होत्या. दोन संवादांच्या मधल्या शांततेत वर्णनकार हलक्या आवाजात सांगतो, आणि ते फक्त कानात यंत्र लावलेल्या प्रेक्षकाला ऐकू येतं: तिनं पत्र फाडलं; तो दारापर्यंत जाऊन थांबला; दिवा मंद झाला. पुढे ही पद्धत जगभर गेली.

तिला मराठीत काय म्हणायचं? मला शब्द शोधावा लागला नाही. रेडिओला कान लावून क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकलेली आपली पिढी आहे. आषाढीच्या सोहळ्याचं धावतं वर्णन आकाशवाणीवर ऐकत घरबसल्या हात जोडणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. धावतं वर्णन! शब्द आपल्याच घरात होता. आणि कलाही घरातच होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पदांतून कथा सांगत होता आणि पात्रं ती करून दाखवत होती. कीर्तनकार तर एकटा उभा राहून अयोध्या दाखवतो. डोळे मिटून कीर्तन ऐकणाऱ्याचं काहीच निसटत नाही. आपली रंगभूमी सांगत सांगतच मोठी झाली. प्रेक्षकाला सगळं दिसतंच, हे तिनं मागाहून गृहीत धरलं.

आणि स्पर्श. प्रयोगाआधी तासभर दृष्टिहीन प्रेक्षकांना रंगमंचावर न्यायचं. राजाचा मुकुट, सावकाराची पेटी, नऊवारीचा काठ हाताला लागू द्यायचा. नटानं स्वतःच्या आवाजात ओळख सांगायची. हे कुणाला परकं वाटत असेल, तर पुन्हा पंढरपूरला चला. तिथं लांबून मुखदर्शन होतं, आणि तासन्‌तास रांगेत उभं राहून पदस्पर्शदर्शन होतं. विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवलं की डोळे असलेला आणि नसलेला सारखेच. आपल्या दैवतानं जो हक्क भक्ताला दिला, तो नाटकानं प्रेक्षकाला द्यायला काय हरकत आहे?

चौथी गोष्ट मोकळेपणाची.

स्वमग्न मूल, सेरेब्रल पाल्सी असलेला तरुण, स्मृतिभ्रंश झालेले आजोबा. यांच्यासाठी अडथळा एकट्या जिन्याचा नसतो. मोठा अडथळा आपणच असतो. मिट्ट काळोख, अचानक कडाडणारा आवाज, आणि मूल जरा ओरडलं की चार बाजूंनी येणारं 'शू'. जगभर आता यांच्यासाठी सैल प्रयोग होतात. प्रेक्षागृहातले दिवे थोडे चालू ठेवतात. मोठे आवाज कमी करतात. कधीही उठून बाहेर जायची आणि परत यायची मुभा असते. बाजूला एक शांत खोली असते. काय घडणार आहे याची चित्रं मुलांना आधीच दाखवतात. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरनं २०१८ मध्ये स्वमग्न मुलांसाठी असा स्वतंत्र रंगमहोत्सवच सुरू केला.

हेही परकं नाही. जत्रेतल्या तमाशाला, रात्रभर चाललेल्या भजनाला, भारुडाला माणसं कशी बसायची? कुणी उठायचं, कुणी यायचं, कुणाचं पोर मांडीवर झोपायचं, कुणाचं नाचायचं. कलावंताचं काही बिघडत नसे. सक्तीची शांतता सभागृहाबरोबर आली. एकाग्रतेसाठी ती हवीही, मी तिच्या विरोधात नाही. पण सात दिवसांतला एक दिवस तरी असा असू द्या, की त्या दिवशी आईनं कुणाची क्षमा मागायची नाही.

पाचवी गोष्ट, माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी: रंगमंचाची.

अपंग माणूस फक्त खुर्चीवर बसायला येणार आहे का? कला त्याच्याही अंगात आहे. स्वागत थोरात यांनी पुण्यातल्या ८८ दृष्टिहीन कलाकारांना घेऊन 'स्वातंत्र्याची यशोगाथा' उभं केलं. पुढे 'अपूर्व मेघदूत' दृष्टिहीन कलाकारांनीच केलं. विचार करा, मेघाच्या डोळ्यांनी पाहिलेला भारत, आणि तो उभा करणाऱ्यांना ढग दिसत नाही! त्याच थोरातांनी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. कांचन सोनटक्के यांनी मुंबईत 'नाट्यशाला'च्या द्वारे अपंग मुलांच्या शिक्षणात नाटक आणलं. आनंदवनातला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद गावोगाव गेला. राज्य शासन दिव्यांग मुलांची बालनाट्य स्पर्धा घेतं. एवढं सगळं महाराष्ट्रात झालं आहे. मग रंगमंचावर चढायला अजून जिनाच का? प्रेक्षागृहाला उतार केला आणि रंगमंचाला केला नाही, तर आपण त्या माणसाला सांगितलं, की तू टाळ्या वाजव, तुझ्यासाठी त्या वाजायच्या नाहीत.

आता तुमच्या मनातले प्रश्न मी घेते.

कुणी म्हणेल, किती लोक येणार यासाठी? खरंच पहिल्या दिवशी कमी येतील. ज्याला वीस वर्षं कुणी बोलावलं नाही, तो पहिल्या हाकेला येत नाही. अण्णांनी तिकीट नको म्हटलं, तेव्हा त्यांना नाटक नको झालेलं नव्हतं. मोकळ्या खुर्च्या बघून गरज नाही असं म्हणणं, म्हणजे पूल नसलेल्या नदीकडे बघून पलीकडे कुणाला जायचंच नाही असं म्हणणं.

कुणी म्हणेल, ही दया छान आहे. मी हात जोडून सांगते, ही दया नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्कांविषयीच्या २००६ च्या करारातलं तिसावं कलम सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क मानतं, आणि भारतानं तो करार २००७ मध्ये मान्य केला. आपल्या २०१६ च्या कायद्याचं एकोणतिसावं कलम संस्कृती आणि करमणुकीविषयीच आहे. राजीव रातुरी या दृष्टिहीन नागरिकानं २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं सांगितलं, की सुगमतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचेच हवेत. एकोणीस वर्षं एका माणसानं वाट पाहिली. आपण आणखी किती थांबणार?

आणि कुणी म्हणेल, आपल्याकडे हे होतं का? आपल्या शेजारी झालं आहे. गोव्यात पणजीला जानेवारी २०२३ मध्ये पर्पल फेस्ट झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये तो ८ ते १३ असा सहा दिवस चालला. अपंग माणसं तिथं पाहुणी होती, कलाकार होती, वक्ते होती. सोलापूरहून पणजी काही फार लांब नाही.

मग सोलापुरात कुठं? माझ्या मनात एकच वास्तू येते, हुतात्मा स्मृती मंदिर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले आपले चार हुतात्मे. चौघे चार घरचे, चार समाजांचे. फाशीचा दोर त्यांनी वाटून घेतला. त्यांच्या नावानं उभ्या असलेल्या रंगमंदिरात कुणी बाहेर राहू नये, यापेक्षा मोठं स्मारक कुठलं?

आणि कधी? २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर. ३ डिसेंबर हा जागतिक अपंग दिन. पहिल्या दिवशी कीर्तन, शेजारी सांकेतिक भाषेचा दुभाषी. दुसऱ्या दिवशी गद्य नाटक, पडद्यावर मराठी आणि तेलुगू संवाद. तिसऱ्या दिवशी संगीत नाटक, धावत्या वर्णनासह, आधी रंगमंचाचा स्पर्श. चौथ्या दिवशी सकाळी बालनाट्य, सैल आणि मोकळं. पाचव्या दिवशी शाहिरी. शाहीर राम जोशींच्या गावात तिला मान हवाच. त्या दिवशी कर्णबधिर मुलांच्या हातात फुगे द्यायचे. फुगा तळहातांत धरला की ढोलकीची थाप हातांत उतरते. सहाव्या दिवशी अपंग कलावंतांचे प्रयोग. आणि सातव्या दिवशी काला: एकाच प्रयोगाला पडदाही, दुभाषीही, वर्णनही, आणि रंगमंचावर सगळे मिळून.

एक अट मात्र पहिल्या दिवसापासून पाळायची. या सप्ताहाच्या समितीत अपंग माणसं असली पाहिजेत, आणि निर्णय घेणाऱ्यांत असली पाहिजेत. उतार बांधून झाल्यावर त्यांना उद्घाटनाला बोलवायचं नाही. नकाशा काढताना बोलवायचं. आमंत्रणही सगळ्यांना कळेल असं काढायचं: छापील, ब्रेलमध्ये, फोनवर ऐकता येईल असं, हातांच्या भाषेत पाहता येईल असं. आणि त्यात स्पष्ट लिहायचं, कुठल्या दिवशी काय सोय आहे. घराबाहेर पडायलाच ज्याला दोन माणसांची मदत लागते, त्याला दारात येऊन निराश करायचा आपल्याला अधिकार नाही.

मित्रहो, संक्रांतीला आपल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. नंदीध्वज निघतात आणि शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना भेटी देत फिरतात. देव देवळात बसून वाट पाहत नाही. तो वाटेवर येतो, दारावरून जातो. खाटेला खिळलेला म्हाताराही उंबऱ्यापर्यंत सरकून हात जोडतो, आणि त्याची यात्रा पुरी होते. आपलं शहर हे दरवर्षी करतं. कलेसाठी एवढंच करायचं आहे: ज्याला येता येत नाही, त्याच्या दिशेनं आपण निघायचं.

सर शेवटच्या रांगेतून म्हणायचे, "मला ऐकू येत नाहीये." तेव्हा मी आवाज चढवत होते. आज मला वाटतं, आवाज चढवून भागणार नव्हतं. अण्णांसाठी मी कितीही ओरडले असते, तरी त्यांना ऐकू आलं नसतं. त्यांना हवा होता एक पडदा, आणि त्यावर वेळेवर आलेली एक ओळ.

अण्णा आता नाहीत. पण त्यांच्यासारखा कुणीतरी आजही या शहरात घर राखत बसला आहे. त्याला आणा. मधल्या रांगेत, त्याच्या माणसांजवळ बसवा. पडद्यावर ओळ येईल, सभागृह हसेल, आणि तोही हसेल. क्षणभरानं नाही. सगळ्यांबरोबर.